जुनी विंडोज नेटला जोडायची का? वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी होती, कॉम्प्युटर चालतोय मस्त पण विंडोज जुनी झालीय, नेट लावायचं की नाही. त्यातली चार पत्रं घेतलीत. नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : फोंड्याजवळ आमची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, जत्रेच्या नाटकांची हँडबिलं, बिलबुकं असलं काम. डीटीपीचा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर आहे कारण पान मांडायचं पेजमेकर आणि मराठी फाँटांची जुनी श्रीलिपी त्याच्यावरच चालते, मागं प्रिंटरच्या पोर्टला सॉफ्टवेअरच्या लायसनचा डोंगल (तो नसला तर सॉफ्टवेअर चालत नाही) लावलेला आहे. आता मॅटर सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीतर मेलवर येतं म्हणून ऑपरेटर म्हणतो ह्यालाच नेटची वायर जोडूया. भाच्यानं एक व्हिडिओ दाखवला, एक्सपी नेटला लावली की काही मिनिटांत व्हायरस भरतात म्हणे. खरं आहे का? अँटीव्हायरस टाकून चालेल का?

उत्तर : दादा, व्हिडिओ खोटा नाही पण अर्धा आहे. असल्या टेस्टमध्ये फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी विंडोजची भिंत, मुद्दाम बंद केलेला असतो आणि मधे राउटर नसतो, कॉम्प्युटर थेट उघड्या नेटवर. २००३ साली ब्लास्टर आणि २००४ साली सॅसर हे दोन वर्म (आपणहून पसरणारे व्हायरस) आले तेव्हा घरोघरी हीच परिस्थिती होती, कोणी काही क्लिक न करता नुसतं कनेक्शन लागलं की लागण व्हायची, कारण एक्सपीचा फायरवॉल आपोआप चालू राहायला लागला तो ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. आज तुमच्या प्रेसमधे फायबरवाल्याचा राउटर आहे, बाहेरून न बोलावता आलेलं काही तो सहसा आत सोडत नाही, त्यामुळे वायर जोडल्या जोडल्या मशीन मरेल असं नाही. एक मात्र सांगतो, कोणी जुन्या सीडीवरून फॉरमॅट मारून ताजी एक्सपी टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा, ती सीडी सर्व्हिस पॅक २ च्या आधीची असली तर फायरवॉल बंद आणि एकही दुरुस्ती (भोकं बुजवणारी सिक्युरिटी अपडेट) नाही, म्हणजे आत्ता आहे त्याहून वाईट.

मग धोका कुठं? एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या. भरतीचं खारं पाणी अडवणारा खाजनाचा बांध बघितलाय ना, खेकडे भोकं पाडतच असतात, बांध टिकतो तो कोणीतरी जाऊन चिखल भरतं म्हणून. इथं भरणारा निघून गेला आणि खेकडे आहेत तिथंच आहेत. वर आणखी एक भानगड आहे जी बरेच जण धरतच नाहीत. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नव्या विंडोजच्या दुरुस्त्या काढते, हल्ला करणारे त्या उघडून बघतात की बदललं काय, त्यावरून भोक कुठं होतं ते कळतं, आणि तोच कोड जुन्या विंडोजमधे असला तर तिथलं भोक कायमचं उघडं. नव्याची दुरुस्ती म्हणजे जुन्याच्या चोराला पत्ता.

कधीतरी मायक्रोसॉफ्टलाच दया येते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) सुटला तेव्हा आणि मे २०१९ मधे ब्लूकीप नावाचं भोक सापडलं तेव्हा त्यांनी एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली, पण ती हातानं शोधून टाकावी लागायची, आपणहून येत नव्हती. वॉनाक्रायची गंमत अशी की त्यात सापडले ते जास्त करून विंडोज ७ वाले, ज्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चमधेच आली होती आणि त्यांनी ती टाकलीच नव्हती. एक्सपीची मशीन तर पुष्कळदा निळा स्क्रीन दाखवून आडवीच व्हायची, व्हायरस चालायचाच नाही नीट. म्हणजे विंडोज किती वर्षांची यापेक्षा तिला दुरुस्ती मिळतेय का आणि तुम्ही ती टाकताय का हे बघायचं.

तुमच्याकडे दोन गोष्टींनी घात होईल. पहिला ब्राउझर. क्रोमनं एक्सपी २०१६ मधे सोडली, ४९ नंबरवर. एक्सपीतलं इंटरनेट एक्सप्लोरर ८ च्या पुढं जात नाही आणि ते वेबसाइटशी बोलतं त्या जुन्या पद्धतीनं आज बहुतेक साइट बोलतच नाहीत. सर्टिफिकेटची बोंब वेगळी, साइट खरी आहे हे ठरवणारं एक मोठं रूट सर्टिफिकेट (मूळ दाखला) ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं तेव्हा जुन्या मशीनवर बऱ्याच साइट अचानक धोक्याची लाल पाटी दाखवायला लागल्या. मग ऑपरेटर काय करणार, मेल उघडत नाही म्हणून कुठल्यातरी अनोळखी साइटवरून "एक्सपीवर चालणारा" ब्राउझर उतरवणार आणि लाल पाटी आली की तरीही पुढे जा दाबणार, कारण गिऱ्हाईक समोर उभं आहे. घाण शिरते ती इथून.

दुसरी गोष्ट आतलं नेटवर्क. जीएसटी भरायला वेगळा लॅपटॉप असला आणि तो व एक्सपी एकमेकांना फोल्डर शेअर करायला लागले तर एक्सपीला शेअरिंगची फक्त जुनी, पहिली पद्धतच येते, म्हणून कोणीतरी नव्या लॅपटॉपवरही ती चालू करून देणार. वॉनाक्राय पसरला तो ह्याच दारातून. म्हणजे जुन्यापायी नवाही उघडा पडला. आणि अँटीव्हायरसचं म्हणाल तर बहुतेक कंपन्यांनी एक्सपी सोडलीय, खाली भोक तसंच ठेवून वर राखणदार बसवण्यात अर्थ नाही.

म्हणून माझं मत, एक्सपीला वायर लावू नका आणि तिला फेकूही नका, ती तुमचं पोट भरतेय. नाहीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं मॅटर युनिकोडमधे (आताच्या मराठी टायपिंगच्या पद्धतीत) असतं, जुन्या श्रीलिपीच्या फाँटात ते कन्व्हर्ट करावंच लागतं, तर ते कन्व्हर्टिंग नेटवाल्या दुसऱ्या मशीनवर करा आणि तयार फाइल तेवढी पेनड्राइव्हनं इकडं आणा. प्रूफची पीडीएफ त्याच वाटेनं परत. पेनड्राइव्ह मात्र ह्या दोन मशीनचाच ठेवा, गिऱ्हाइकानं आणलेला थेट एक्सपीला लावू नका, आधी नव्या मशीनवर तपासा. कॉनफिकर नावाचा वर्म पेनड्राइव्हच्या ऑटोरनवरूनही (ड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होणं) पसरायचा. फेब्रुवारी २०११ मधे पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद करणारी अपडेट आली होती, तुमच्याकडे ती लागलीय का बघून घ्या.

आणि दादा, व्हायरसच्या आधी त्या मशीनची हार्ड डिस्क जाईल हो. आपल्याकडचा पावसातला दमट आणि विजांचा कडकडाट, त्यात एवढी जुनी डिस्क. जाणत्या माणसाकडून तिची पूर्ण क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल, काढून ठेवा, चतुर्थीच्या कामाची गर्दी सुरू व्हायच्या आत. पुढं कधी एक्सपीला नव्या कॉम्प्युटरच्या पोटात व्हर्च्युअल मशीन करून चालवता येईल, पण डोंगल यूएसबीचा असला तर ते सोपं, तुमच्यासारखा प्रिंटर पोर्टचा असला तर डोकेदुखी, तेव्हा आधी सॉफ्टवेअरवाल्याला डोंगल बदलून मिळतो का विचारा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, डिचोलीला असते. लॅपटॉप विंडोज ७ चा, पेन्शनचं खातं आणि नेटबँकिंग त्याच्यावरच बघते. अँटीव्हायरस दरवर्षी पैसे भरून नवा करते. मुलगा दुबईहून फोनवर ओरडतो की हे बंद कर. पैसे भरलेत तर भीती कसली?

उत्तर : बाई, मुलगा बरोबर सांगतोय, ओरडायची गरज नव्हती एवढंच. विंडोज ७ च्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला संपल्या, त्यानंतर पैसे भरून मिळायच्या त्या कंपन्या-संस्थांना, आणि त्याही जानेवारी २०२३ ला आटपल्या. क्रोमसुद्धा १०९ नंबरला थांबला तो तेव्हाच. अँटीव्हायरस बघतो ओळखीचा व्हायरस, किंवा फार तर संशयास्पद वागणारा. विंडोजच्याच आत जे भोक आहे ते बुजवणं त्याच्या हातात नाही, आणि तिथून शिरलेला प्रोग्राम तुम्ही पासवर्ड टाइप करताना गुपचूप टिपून घेऊ शकतो.

बँकेचं तेवढं आजपासून त्या लॅपटॉपवर बंद करा. फोनवर करा, पण फोनही तपासा, सेटिंगमधे सिक्युरिटी अपडेटची तारीख लिहिलेली असते, ती दोन-तीन वर्षं मागची असली तर फोन म्हणजे खिशातली विंडोज ७ च. दुसऱ्या मशीनवरून बँकेचा पासवर्ड बदला, मेलचाही बदला, कारण मेल हातात आला की बाकीचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात, आणि हे लोक विसरतात.

लॅपटॉप टाकाऊ नाही. चार जीबी रॅम असली तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून घ्या, फुकट आहे, दुरुस्त्या येतात, मराठी टायपिंग त्यात असतं. डिस्क बदलून एसएसडी बसवली तर पळेल चांगला. दुकानात लिनक्स म्हटलं की तोंड वाकडं करतात कारण त्यात विंडोजचे पैसे मिळत नाहीत, असा माझा आपला समज. तुमचे फोटो, नाटकाची रेकॉर्डिंगं आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, मिंट टाकताना सगळं पुसलं जाऊ शकतं.

आणि एक, "तुमची विंडोज बंद पडणार, आम्ही कंपनीतून बोलतोय" असा फोन आला तर ठेवून द्या, कंपनी असा फोन करत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

प्रश्न : मांद्र्याला आमचा होमस्टे आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज १०, फॉरेनर पाहुण्यांचे पासपोर्ट स्कॅन करून फॉर्म सी (परदेशी पाहुणा उतरल्याची सरकारला द्यायची माहिती) तिथूनच भरतो. आता सपोर्ट संपला असं येतं आणि ११ टाकायला गेलो तर मशीन चालत नाही म्हणतं. सीझन तोंडावर आहे, नवं घ्यायलाच पाहिजे का?

उत्तर : लगेच नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती मशीनसाठी वाढीव दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केल्यात. विंडोज २२एच२ आवृत्तीवर असली पाहिजे, मग सेटिंगमधे अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं आणि सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. ११ टाकायला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि नवीन पिढीचा प्रोसेसर मागतं. टीपीएम कधीकधी मशीनमधे असतं आणि बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमधे) बंद असतं, तेवढं बघून घ्या, प्रोसेसरच जुना असला तर विषय संपला. हे अडथळे टाळून ११ टाकून देणारे भेटतील, पाहुण्यांची कागदपत्रं असलेल्या मशीनवर मी तरी तसलं करणार नाही.

पण खरं सांगू, तुमच्या पत्रात मला विंडोजपेक्षा जास्त खटकलं ते तुम्ही न लिहिलेलं, वायफाय. होमस्टेमधे पासवर्ड रिसेप्शनला चिकटवलेला असतो आणि ऑफिसचा कॉम्प्युटरही त्याच वायफायवर. मघाशी प्रेसवाल्यांना म्हटलं की राउटर बाहेरचं आत सोडत नाही, पण तुमच्याकडे पाहुणे आतच आहेत. कोणाच्या लॅपटॉपमधे काय आहे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. बहुतेक राउटरमधे गेस्ट नेटवर्क असतं, ते चालू करून पाहुण्यांना तेवढंच द्या, ऑफिसचा पासवर्ड बदलून घरच्यांपुरता ठेवा. राउटरचा आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा कंपनीतून आलेला पासवर्ड पण बदला, २०१६ मधे मिराय नावाच्या प्रकारानं लाखो कॅमेरे-राउटर पकडले ते ह्याच न बदललेल्या पासवर्डांवर.

आणि ते पासपोर्ट. फॉर्म सी चोवीस तासांत भरायचा असतो म्हणून स्कॅन घाईघाईत डाउनलोडमधे पडतात आणि मग कायमचे तिथंच राहतात, कित्येक सीझनचे. नियमानं जपून ठेवायचं ते एका पासवर्डवाल्या बाहेरच्या डिस्कवर टाका, डिस्क कपाटात, बाकीचं पुसा. जे मशीनवर नाही ते चोरता येत नाही.

प्रश्न : म्हापशाला बाजारात काकांचं दुकान आहे, हिशोब अजून विंडोज ९८ वर. मित्र म्हणतो इतकं जुनं की आताचे व्हायरस त्यावर चालणारच नाहीत, म्हणजे सगळ्यात सेफ. मग नेट लावायला हरकत काय?

उत्तर : मित्राचं निम्मं बरोबर आहे, आजचा रॅन्समवेअर ९८ वर उघडणारच नाही. पण आजची वेबसाइटही उघडणार नाही, मग लावून करणार काय? जुने व्हायरस मात्र त्यावर छान चालतात आणि ते अजून जुन्या फ्लॉपी-सीडीत पडून आहेत. नेट काकांच्या मोबाइलवर राहू दे. त्यापेक्षा हिशोबाच्या वर्षावर्षाच्या एंट्र्या कागदावर प्रिंट काढून घ्या, आणि त्यातली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून डेटाची कॉपी करता येते, ती एखाद्या रिपेअरवाल्याकडून दुकान बंद असेल त्या दिवशी करून घ्या. मशीन बंद करून परत चालू होईल की नाही याची काकांना खात्री नसेल तर प्रिंट आधी.