वॉरहॅमरसारखे खेळ खेळताना हात लागून फिगर पडतात, रंग उडतो. यावर उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की फोर्टी-के (वॉरहॅमर ४०,०००, टेबलावर रंगवलेल्या छोट्या फिगरांच्या फौजा लढवायचा खेळ) नुकतंच सुरू केलंय, दर डावात दोन-चार फिगर आडव्या होतात आणि समोरचा म्हणतो, "जरा जपून खेळ." आधी हेच सांगतो की "जपून खेळ" हा सल्लाच नाही. टेबलावर दोघांच्या मिळून शंभरेक फिगर असतात. पाच फेऱ्यांत प्रत्येक फिगर चार-पाच वेळा उचलायची म्हटलं तर हात जवळजवळ पाचशे वेळा आत-बाहेर जातो. एवढ्या वेळा कोणाचंच लक्ष टिकत नाही. धक्का लागतो तो मांडणीमुळे, आणि मांडणी डाव सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटांत बदलता येते.

हे मी जरा तावातावाने लिहितोय, कारण आमच्या ग्रुपमध्ये यावरून जुना वाद आहे. एका ज्येष्ठ खेळाडूने नियम काढला, ज्याच्या हाताने फिगर पडेल त्याने सगळ्यांना समोसे द्यायचे. गंमत म्हणून ठीक होतं. झालं असं की नवी पोरं पडलेली फिगर गुपचूप उभी करायला लागली, अंदाजाने, इंच-दोन इंच इकडेतिकडे. मग "हा इथे नव्हता" यावरून भांडणं. फिगर पडायच्या थांबल्या नाहीत, फक्त बोलायच्या थांबल्या.

ज्या प्रसंगावरून हा नियम आला तो नीट उलगडून बघू, कारण तुमचं उत्तर बरंचसं त्यातच आहे. दोन हजार पॉइंटांचा डाव (फौजेचा आकार पॉइंटांत मोजतात), ४४ × ६० इंचांचा बोर्ड, सहा जणांच्या डायनिंग टेबलावर टाकलेला, आणि टेबलाची एक लांब बाजू भिंतीला टेकलेली. तिसऱ्या फेरीत एका नवीन मुलाची तुकडी समोरच्याच्या भागात पोचली होती, म्हणजे त्याच्या कडेपासून तीस इंचांवर. आडव्या बाजूने बोर्डाचा मध्य २२ इंचांवर येतो. उभ्या माणसाचा हात न वाकता साधारण दोन फुटांपर्यंत नीट चालतो, त्यापुढे कमरेतून वाकावं लागतं आणि दुसरा हात आधारासाठी बोर्डावर टेकतो. मध्ये आठ इंच उंचीचं पडकं घर. त्यावरून हात नेताना मनगट वर राहतं, पण उचललेली फिगर घेऊन परत येताना कोपर खाली येतं. त्या कोपरात पारदर्शक काडीवर उभं केलेलं उडतं वाहन अडकलं, काडी मुळाशी तुटली, वाहन खालच्या पाच पायदळांवर पडलं. त्यातच आधाराच्या हाताखाली कापडी मॅट सरकली आणि अर्धा इंच सगळंच हललं.

सगळे म्हणाले, "लक्ष नव्हतं त्याचं." लक्ष होतं हो, पूर्ण होतं. भिंतीमुळे त्याला पलीकडून जाता येत नव्हतं. मॅट बांधलेली नव्हती. उंच घर नेमकं मध्यावर ठेवलं होतं. काडी चिकटवलेली होती, सुटणारी नव्हती. चार गोष्टी टेबल लावणाऱ्याच्या आणि समोसे त्या पोराचे.

म्हणून पहिलं काम म्हणजे टेबल भिंतीपासून सोडवा. दोन्ही लांब बाजूंना अडीच फूट आणि निदान एका टोकाला माणूस आडवा जाईल एवढी वाट. तुमची तुकडी पलीकडे गेली की तुम्हीही पलीकडे जा. समोरच्याच्या बाजूला जाऊन फिगर हलवण्यात काही गैर नाही, फक्त त्याचे फासे त्याचेच राहू द्या. खुर्च्या खोलीबाहेर. फोर्टी-के उभ्यानेच खेळायचा खेळ आहे. तीस इंच उंचीच्या डायनिंग टेबलावर पाठ दुखते, आणि पाठ दुखली की माणूस कडेवर रेलतो. पायांखाली ठोकळे देऊन टेबल स्वयंपाकाच्या ओट्याएवढं, म्हणजे ३४-३६ इंच, केलं तर रेलणं आपोआप थांबतं. ठोकळ्यांना पाय बसेल एवढा खड्डा हवा, नाहीतर पूर्ण टेबलच घसरेल.

बोर्ड टेबलापेक्षा रुंद असेल तर कडा लोंबतात. टेबल ३६ इंच रुंद आणि बोर्ड ४४ म्हणजे दोन्हीकडे चार-चार इंच बाहेर. त्या कडेवर कोणी हात दाबला की पलीकडची बाजू उचलली जाते. ८ × ४ फुटांच्या प्लायमधून १२ मिमीचा तुकडा कापून घ्या, पण ४४ × ६० नव्हे, ४८ × ६८. दोन्ही लांब बाजूंना दोन आणि टोकांना चार-चार इंच मोकळी पट्टी मिळते. कार्डं, मेलेल्या फिगर, मोजायचा टेप हे सगळं टोकांच्या पट्टीवर ठेवायचं. प्लायखाली दोन योगा मॅट शेजारी-शेजारी टाका. साधी योगा मॅट २४ × ६८ इंचांची असते, दोन मिळून हिशोब बरोबर बसतो आणि प्लाय घसरत नाही. लोंबणाऱ्या भागाला खालून दोन आडव्या पट्ट्या टेबलाच्या कडेला घासून बसतील अशा मारल्या की प्लाय बाजूला सरकतही नाही.

वरची मॅट निओप्रीनची असेल तर प्रश्नच नाही, ती स्वतःच्या वजनाने आणि रबरी पाठीने बसते. कापडाची किंवा फ्लेक्सवर छापलेली असेल तर चारही कोपऱ्यांना आणि लांब बाजूंच्या मध्ये क्लिप लावा. फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला असेल तर कडा वर वळतात आणि बेस (फिगरांखालच्या गोल चकत्या) त्यावर डुलतात. आदल्या रात्री उलट बाजूने गुंडाळून ठेवा.

फासे. मॅटवर फासे टाकणं बंद. एका हल्ल्याला वीस-तीस फासे पडतात, त्यातले दोन कुठल्या तरी फिगरच्या पायात घुसतातच. वर एक फासा टेरेनला (बोर्डावर मांडलेल्या घरांना, टेकड्यांना) टेकून तिरका राहिला की त्यावरून वेगळी चर्चा. दहा इंचांचा ट्रे, आत फेल्ट किंवा जुन्या मखमलीचा तुकडा, आणि तो बोर्डावर नको, शेजारच्या स्टुलावर. १६ मिमीऐवजी १२ मिमीचे फासे घेतले तर एका मुठीत जास्त मावतात आणि उडून बाहेर गेले तरी मार कमी लागतो. चहा आणि खाणं त्याच स्टुलावर, बोर्डाच्या पातळीच्या खाली.

टेप हा माझ्या मते सर्वांत मोठा गुन्हेगार. सुताराचा २५ मिमी रुंदीचा पाच मीटर टेप आणतात आणि फिगरांमधून आडवा सरकवतात. बटण सुटलं की पाती फटकन परत येते आणि टोकाचा हुक वाटेतल्या भाल्यांना, झेंड्यांना घेऊनच येतो. तीन मीटरचा अरुंद टेप पुरतो. तो जमिनीवरून न नेता फिगरांच्या डोक्यावरून धरा आणि सरळ वरून बघून वाचा. त्याहून बरं म्हणजे ३ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या किंवा एमडीएफच्या पट्ट्या १, २, ३, ६, ९ इंचांच्या कापून घ्या. डावातलं बहुतेक मोजमाप त्यातच होतं. मोजायचा क्रमही ठरलेला ठेवा: मोजा, जिथे पोचायचं तिथे एक फासा ठेवा, टेप बाजूला ठेवा, मग फिगर उचला. एका हातात टेप आणि दुसऱ्यात फिगर हे एकाच वेळी नको.

उचलताना बेसची कड दोन बोटांत धरा. तलवार, पंख, डोकं, यांना धरून उचललं की आज नाही तर उद्या ते हातात येणारच. दहा-वीस जणांची तुकडी पुढे नेताना सर्वांत पुढच्या, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या, आधी हलवा. मागे आणताना जवळच्या आधी. दिवाळीच्या किल्ल्यावर वरचे, मागचे मावळे आधी बसवतात आणि मग हात खाली खाली येतो, तसंच. बेसला बेस चिकटवून उभं करायची सवय सोडा. नियमांच्या दहाव्या आवृत्तीत (२०२३) तुकडीतल्या फिगरांमध्ये आडवं अंतर दोन इंचांपर्यंत चालतं. सात किंवा जास्त फिगर असल्या तर प्रत्येकीच्या दोन इंचांत दुसऱ्या दोन हव्यात. एक इंच मोकळं ठेवलं तरी नियम पाळला जातो आणि बोट आत जातं.

आता बेस. इथे अनेक जण लोहचुंबकाकडे धावतात. प्रवासासाठी चुंबक उत्तम: बेसखाली ५ × २ मिमीचे निओडिमियम, डब्यात गॅल्व्हनाइज्ड पत्रा. घरातला स्टीलचा डबा बहुधा चालणार नाही, त्या स्टीलला चुंबक सहसा धरत नाही, पत्रा घेतानाच चुंबक लावून बघा. पण मॅटखाली पत्रा टाकून खेळायचं हे फॅड आहे. दोन-तीन मिमी मॅटच्या अंतराने पकड जवळजवळ संपते, आणि मॅट काढली तर फिगर उचलताना झटका बसून शेजारचीच पडते.

खेळताना उपयोगी पडतं ते वजन. प्लास्टिकची फिगर समजा ५ ग्रॅमची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य २० मिमी उंचीवर आहे. ३२ मिमीच्या बेसवर ती साधारण ३८ अंश कलली की पडते. खाली एम-१२ चा साधा वॉशर लावला (बाहेरचा व्यास २४ मिमी, जाडी २.५ मिमी, वजन सहाएक ग्रॅम) तर तीच फिगर ५७ अंशांपर्यंत परत उभी राहते. २५ मिमीच्या बेसला एम-१० बसतो (२० मिमी, जाडी २), तिथे ३२ अंशांचे ४५ होतात. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात. वॉशर बेसच्या कडेखाली किंचितही उतरता कामा नये, नाहीतर फिगर भोवऱ्यासारखी डुलेल आणि सगळं उलटं होईल. काही बेसना आतून फासळ्यांसारख्या उंच रेघा असतात, त्या आधी खरवडा. वॉशर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून तेल काढा आणि पाच मिनिटांच्या इपॉक्सीने लावा. फेव्हिक्विकने लावलेला वॉशर दोन-चार वेळा आपटला की टक्कन सुटतो, तो सांधा ठिसूळ असतो.

उडत्या वाहनांची काडी कधीच चिकटवू नका. काडीच्या डोक्यावर आणि वाहनाच्या पोटात ५ × १ मिमीचे चुंबक बसवा, ध्रुव आधी तपासून. धक्का लागला की वाहन सुटून पडेल, काडी वाचेल. लांब पंख आणि मोठ्या तोफा यांनाही हाच न्याय. जे तुटणारच आहे ते सुटू द्यावं. धातूच्या जुन्या फिगरांना मात्र उलट: सांध्यात १ मिमी छिद्र पाडून पितळी तारेची खीळ घाला, कारण तिथे पडणाऱ्या भागाचं वजनच सांधा फोडतं.

टेरेनबद्दल थोडक्यात. मजल्यांची घरं आतून उघडी असतील तर उघडी बाजू जवळच्या कडेकडे फिरवा. मजल्याच्या कडेला दोन मिमीची पट्टी चिकटवा. उतारावर फिगर उभी राहतच नसेल तर समोरच्याला सांगून तिथे फासा ठेवा आणि फिगर बाजूला. जुन्या आवृत्त्यांच्या नियमांतही ही मुभा छापलेली होती, त्यात चीटिंग काही नाही.

आणि अंगावरचं: ऑफिसच्या आयडी कार्डाची दोरी, हुडीच्या नाड्या, ओढणी, सैल बाह्या, पट्ट्याचं घड्याळ. हे सगळं काढा किंवा खोचा.

एवढं करूनही पडणारच. म्हणून प्रत्येक फेरीआधी दोन्ही टोकांकडून मोबाइलवर वरून फोटो काढा. पडली की हात लावणाऱ्याने लगेच "पडली" म्हणायचं, दोघांनी फोटो बघून परत ठेवायची, नाही जमलं तर एक फासा टाकून ठरवायचं. दंड नाही. दंड ठेवला की लपवाछपवी होते, हे आमच्याकडे सगळ्यांना दिसलंय, मान्य कोणी करत नाही. अजूनही ज्यांना समोसे हवेतच असतील त्यांनी टेबल भिंतीला लावणाऱ्याकडून घ्यावेत.

काही गोष्टी राहिल्या. किल टीमसारख्या छोट्या डावाला, २२ × ३० इंचांच्या बोर्डाला, वरचं अंतराचं गणित लागू नाही. तिथे वॉशर आणि फाशांचा ट्रे एवढं पुरे. घरात मांजर असेल तर माझ्याकडे उपाय नाही, दार लावा. रंग उडण्याबद्दल तुम्ही विचारलं होतं: आधी ग्लॉस वॉर्निशचा एक हात, पूर्ण वाळल्यावर वरून मॅट, म्हणजे चमक नसलेलं वॉर्निश. पावसाळ्यात स्प्रेचं वॉर्निश मारू नका, हवेतल्या दमटपणामुळे पांढुरकं पडतं. त्या चार महिन्यांत ब्रशनेच लावा.