तुझ्या फोनबद्दल, जरा सविस्तर

प्रिय भावा,

परवा रात्री तू म्हणालास ना, की दादा मी रील्स बघत नाही, इन्स्टा तर कधीच डिलीट केलंय, तरी दिवस कुठं जातो कळत नाही, ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच चालू आहे. कारण माझंही सेम असंच झालं होतं. पुण्यात सदाशिव पेठेत मीपण दोन वर्षं काढली, सकाळी सातला अभ्यासिकेत, रात्री दहाला रूमवर, मधे मेस आणि दोन चहा, बघणाऱ्याला वाटावं पोरगं जीव तोडून करतंय, आणि एमपीएससीच्या राज्यसेवा प्रिलिमला सहा मार्कांनी गेलो.

निकालानंतर गावी आलो आणि एक दिवस फोनचं स्टोरेज फुल झालं म्हणून डाउनलोडचं फोल्डर उघडलं. राज्यघटनेच्या एकाच नोट्सची पीडीएफ चारदा, नावापुढे कंसात एक, दोन, तीन. चालू घडामोडींचे चौदा महिन्यांचे अंक. 'फायनल रिव्हिजन' नावाच्याच सात फाइली. ओट्यावर बसून सगळ्या मोजल्या, तीनशे अकरा भरल्या, आणि त्यातल्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेल्या किती, तर नऊ. त्या दिवशी मला खरं रडू आलं रे, कारण प्रत्येक पीडीएफ डाउनलोड करताना मला मनापासून वाटलं होतं की मी अभ्यास करतोय.

तेच तुला सांगायचंय. आपल्यासारख्या पोरांचा वेळ टाइमपास जेवढा खात नाही तेवढा अभ्यासासारख्या दिसणाऱ्या गोष्टी खातात. टॉपरची मुलाखत, बुकलिस्टचा व्हिडिओ, कट ऑफ किती लागेल त्याची चर्चा, टेलिग्रामवरची रोजची क्विझ. रील बघितल्यावर निदान मनाला टोचतं तरी, यानं टोचत पण नाही. आणि ते 'परीक्षा पुढे ढकलली' वाले स्क्रीनशॉट! आमच्या अभ्यासिकेत एकदा दुपारी असला एक आला, चाळीस पोरं खाली चहाच्या टपरीवर जमली, संध्याकाळपर्यंत तेच, आणि ते पत्रक खोटं निघालं. चाळीस जणांची दुपार गेली, कोणी परत देणार नाही.

लेक्चरचं पण तसंच आहे. दोनच्या स्पीडने चार तास लेक्चर बघितलं की वाटतं सगळं समजलं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचला आणि नंतर तो झाकून आठवेल ते लिहून काढलं, तीनदा. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असं कोणाला वाटत होतं, तर वाचणाऱ्यांनाच! आता राज्यसेवेची मेन्स 2025 पासून वर्णनात्मक झालीय, नऊ पेपर, 1750 मार्क, तीन तीन तास हाताने लिहायचं. स्क्रीनवर बघून बघून तो हात तयार होत नाही.

मग करायचं काय. साधा बटणाचा फोन घे असं मी सांगणार नाही, बऱ्याच जणांनी घेतला आणि महिन्याभरात परत जुन्या फोनवर आले, कारण हॉल तिकीट, ओटीपी, मेसचे पैसे, सगळं त्यातच आहे. फक्त तो टेबलावर नको, पालथा पण नको, सायलेंट पण नको. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनच्या लोकांनी 2017 मध्ये तपासलं होतं, फोन सायलेंट करून डेस्कवर पालथा ठेवला तरी ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांच्यापेक्षा डेस्कवाल्यांचे मार्क कमी आले. म्हणून सॅकमधे टाक आणि सॅक बाहेरच्या रॅकवर ठेव. घरून काही अर्जंट आलं तर, ही भीती मला माहितीय, आपल्या सगळ्यांच्या घरी कोणीतरी आजारी असतंच. आईला अभ्यासिकेच्या काउंटरचा नंबर देऊन ठेव, ते हाक मारतात. दुपारी जेवताना अर्धा तास आणि रात्री रूमवर गेल्यावर अर्धा तास फोन बघ, तेवढा पुरतो.

टेलिग्रामचे सगळे चॅनेल सोड. बातमी बघायची तर आयोगाची वेबसाइट आहे, दुसरीकडे कुठं बघायचं नाही. रोजचा पेपर अभ्यासिकेत येतो तो कागदावर वाच. आर्थिक पाहणीची पीडीएफ मोठी असते, त्यातली हवी ती प्रकरणं झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घे, शंभर-दीडशे रुपये जातील, जाऊ देत, मी पाठवतो. लेक्चर लागेल तिथं बघ, पण वीस मिनिटं झाली की बंद कर आणि रफ वहीत आठवेल तेवढं लिही. पहिले आठ दिवस अर्धं पान पण भरणार नाही आणि खूप वाईट वाटेल, माझंही भरत नव्हतं. तिथं परत व्हिडिओ लावायचा मोह होईल, तेवढा आवर.

आणि फोनचं एक काम मीच देतो तुला. रोज एक उत्तर हाताने लिही, घड्याळ लावून, आणि रात्रीच्या त्या अर्ध्या तासात त्याचा फोटो मला व्हॉट्सॅपवर टाक. ऑफिस सुटल्यावर मी बघेन, चुका लिहून पाठवेन. उद्यापासून सुरू करू, पहिला विषय तुझ्या आवडीचा घे.

तुझा,
दादा