आधी वारा, मग वजन

सायकलीच्या बांधणीविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना भुसावळच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर उत्तरं देतात. तरुणपणापासून ते स्वतः सायकल चालवतात. खान्देशातली सायकलवाली मुलं त्यांना आप्पा म्हणतात.

प्रश्न : आप्पा, मी फैजपूरचा, बी.एस्सी.ला आहे. टाइम ट्रायलसाठी (टीटी), म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीसाठी, घरीच सायकल बांधतोय. अ‍ॅल्युमिनियमची जुनी रोड फ्रेम आणि कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) नाशिकहून सेकंडहँड मिळाला. सायकल सध्या ९ किलो २०० ग्रॅम भरते, ती साडेसातवर आणायची आहे. मामांचं लेथचं दुकान आहे. क्रँक (पॅडलचा दांडा), चेनरिंग (पुढचं दातेरी चाक) आणि ब्रेक लिव्हरला भोकं पाडून द्यायला ते तयार आहेत. ऑनलाइन एक बिननावाचं कार्बनचं हँडल स्वस्तात मिळतंय, त्यात दीडशे ग्रॅम वाचतात. स्पर्धा ४० किलोमीटरची, रस्ता सपाट. अजून वजन कुठून काढू?

उत्तर : पोरा, तू घरी सायकल बांधतोयस हे वाचून फार बरं वाटलं. ब्रेक लिव्हरच्या वाक्यापाशी आलो आणि पोटात गोळा आला. म्हणून आधी तेवढंच सांगतो : ब्रेक, हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा), फोर्क आणि क्रँक यांना ड्रिल लावायचं नाही. मामांना माझा नमस्कार सांग. लेथवर बसणाऱ्या माणसाला कारण लगेच पटेल. कारखान्यात तुटलेला तुकडा हातात आला की आम्ही आधी भोकाची कड बघायचो, मग आट्यांचं मूळ, मग आतला कोपरा. भेग बहुतेक वेळा तिथूनच चाललेली असायची. त्यातून तुझे पार्ट अ‍ॅल्युमिनियमचे. पोलादाला एका मर्यादेच्या आतला ताण लाखो वेळा दिला तरी ते सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. लहान लहान ताणसुद्धा त्यात साठत जातो आणि एक दिवस पार्ट काही न सांगता तुटतो.

भोकं पाडलेल्या सायकलीचे जुने फोटो तू पाहिले असशील. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याने १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले, ती इटलीच्या कोलनागोने बांधलेली सायकल पावणेसहा किलोची होती आणि तिच्या चेनलासुद्धा भोकं होती. पण ती चालली गुळगुळीत ट्रॅकवर, तासाभराच्या कामासाठी. तिला ब्रेक नव्हता आणि समोरून केळीचा ट्रक येणार नव्हता. तुला सावद्याच्या गर्दीतून घरी परत यायचं आहे.

आता तुझा मूळ प्रश्न. तू १ किलो ७०० ग्रॅमच्या मागे लागला आहेस, म्हणून त्याचाच हिशेब मांडू. सपाट रस्त्यावर वजनाचा भार पडतो तो टायरच्या घर्षणावर. चांगल्या टायरवर ताशी ४० च्या वेगाला एक किलो कमी केलं तर जेमतेम अर्धा वॅट वाचतो. त्या वेगाला तू अडीचशे ते पावणेतीनशे वॅट लावत असशील. म्हणजे तासाभराच्या शर्यतीत एका किलोचे दोनेक सेकंद आणि तुझ्या सगळ्या वजनाचे तीन-साडेतीन. कन्नडच्या घाटात हिशेब पार बदलतो. तिथे स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर एक किलो म्हणजे सव्वा टक्का, आणि अर्ध्या तासाच्या चढाला वीसेक सेकंद मिळतात. चाळीसगावचा मुलगा घाटाच्या शर्यतीसाठी सायकल बांधत असता तर मीही त्याच्याबरोबर काटा घेऊन बसलो असतो.

तुझ्या रस्त्यावर खरा शत्रू हवा आहे. ताशी ४० ला ऐंशी-नव्वद टक्के ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि त्या अडथळ्याचा मोठा वाटा, तीन चतुर्थांशाच्या आसपास, सायकलीचा नसून तुझ्या अंगाचा असतो. वेग दुप्पट केला तर हवेसाठी लागणारी ताकद आठपट होते. हा अडथळा दहा टक्क्यांनी कमी केलास तर त्याच ताकदीत ४० किलोमीटरला दीड-दोन मिनिटं वाचतात. तीन-साडेतीन सेकंदांसाठी भोकं पाडायची आणि दोन मिनिटं रस्त्यावर सोडायची, हे माझ्याच्याने बघवत नाही.

१९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँ पहिल्या क्रमांकावरच्या फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. त्याने हँडलला पुढे काढलेले बार लावले, कोपरं त्यावर टेकून हात छातीपुढे जवळ घेतले, आणि फिन्याँला एकूण वेळेत ८ सेकंदांनी मागे टाकून टूर जिंकली. तसे क्लिप-ऑन बार आज कुठेही मिळतात. त्यांनी तुझ्या सायकलीचं वजन चार-पाचशे ग्रॅमने वाढेल. वाढू दे.

बसण्यात कष्ट घे, कारण सगळी कमाई तिथे आहे. रोड फ्रेमवर नुसते बार लावून खाली वाकलास तर मांडी पोटाला लागेल, श्वास कोंडेल आणि वीस मिनिटांत कंबर धरेल. कारण रोड फ्रेमच्या सीटट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोन ७२ ते ७४ अंश असतो, टीटी फ्रेमचा ७६ ते ८० च्या घरात. म्हणून सीट पुढे सरकवायची. तुझा सीटपोस्ट मागे वाकलेला असेल तर क्लॅम्प उलटा लावून तो पुढे वाकलेला करता येतो. पुढे सरकलास की सीट थोडी वर घ्यावी लागेल, कारण पॅडलपर्यंतचं अंतर कमी झालेलं असतं. क्रँक १७२.५ मिलिमीटरचा असेल तर १६५ चा मिळतो का बघ. पाय वर येतो तेव्हा मांडी आणि पोट यांत जागा राहते. कोपरं इतकीही जवळ आणू नकोस की सायकल डुलू लागेल. डोकं खांद्यांमध्ये ओढून घ्यायची सवय लाव, ती फुकट आहे. फडफडणारा टी-शर्ट आणि ढिला लावलेला नंबर यांच्यापायी जाणारे वॅट कुठल्याही हलक्या पार्टने भरून निघत नाहीत. अंगाला चिकटून बसणारा सूट घे.

बदल खरोखर उपयोगी पडला का, हे मनाने ठरवू नकोस. तुझ्या दारातला अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता पूर्व-पश्चिम जातो, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. दुपारी रावेरकडे जाताना प्रत्येकाला आपण चॅम्पियन झालो असं वाटतं. पहाटे, वारा पडलेला असताना, तोच तुकडा जाऊन-येऊन कर. एका वेळी एकच बदल, टायरमधली हवा तीच, कपडे तेच. पॉवर मीटर (वॅट मोजणारं यंत्र) नसेल तर हृदयाचे ठोके एका पातळीवर ठेव. उन्हाळ्यातली वेळ हिवाळ्यातल्या वेळेशी लावू नकोस. ४० अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते आणि घड्याळ आपोआप चांगलं दिसतं.

एवढं झाल्यावर वजन काढायला माझी हरकत नाही, आणि त्यात मजाही आहे. पुढे एकच चेनरिंग ठेव, एक दात जाड एक दात पातळ असलेली, म्हणजे चेन उतरत नाही. आतली रिंग, पुढचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग), त्याचा शिफ्टर आणि केबल मिळून पाव किलोच्या आसपास निघतं. साध्या ब्यूटाइल ट्यूब शंभरेक ग्रॅमच्या असतात, टीपीयू या प्लॅस्टिकच्या चाळिसेक ग्रॅमच्या. मात्र टीपीयू घेताना पाकीट वाच. काहींवर फक्त डिस्क ब्रेकसाठी असं लिहिलेलं असतं, रिम ब्रेकच्या उष्णतेला त्या टिकत नाहीत. शर्यतीचे पातळ टायर शर्यतीपुरतेच चढव. आपल्या रस्त्याच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे किती असतात हे तुला मी सांगायला नको. आणि साडेसातच्याही खाली जायचं मनात आलं, तर यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल शर्यतीत चालत नाही.

कार्बनचं ते बिननावाचं हँडल घेऊ नकोस. क्लिप-ऑनचा क्लॅम्प हँडलला आवळून धरतो, आणि कार्बनची नळी त्या आवळण्यासाठी बनवली आहे असं बनवणाऱ्याने लिहून दिलेलं नसेल तर ती आतून चिरडते. बाहेरून काही दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं आहे तेच राहू दे आणि त्या पैशात छोटा टॉर्क रेंच घे. स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटरचे असतात, पार्टवर आकडा छापलेला असतो. चार बोल्ट असतील तर एकदम एक न आवळता तिरप्या जोड्यांनी थोडे थोडे आवळ. फोर्कची नळी कापायची असेल तर मापाच्या जागी टेप गुंडाळ, बारीक दातांचं पातं घे, कापताना पाणी मार आणि तोंडाला चांगला मास्क बांध. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नकोस. दोनदा मोजल्याशिवाय कापू नकोस.

अजून एक, जे कुठे लिहिलेलं फारसं दिसत नाही. टीटीच्या बसण्यात घाम थेट स्टेमच्या बोल्टांवर गळतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर धार लागते. घामातलं मीठ बोल्ट खातं. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून कोरडं कर आणि महिन्यातून एकदा बोल्ट काढून आट्यांना ग्रीस लाव.

घरी बांधलेल्या सायकलीला कमी समजू नकोस. स्कॉटलंडच्या ग्रॅहॅम ओब्रीने १९९३ साली नॉर्वेत हामारला तासाला ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला, तो स्वतः बांधलेल्या सायकलीवर. तिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग होतं. त्याने डोकं लढवलं ते आपले हात छातीखाली कसे मुडपायचे यावर. पुढच्या वर्षी यूसीआयने तसं बसणंच बंद केलं, यावरून त्याची ताकद समज.

प्रश्न : मी धुळ्याची. मुलीसाठी जुन्या फ्रेमवर टीटी सायकल बांधतेय. जुना बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते फ्रेममधलं बेअरिंग) चेनच्या बाजूने निघतच नाही. पान्याला पाइप लावूनही जोर केला. कारागीर म्हणतो, फ्रेम वाया गेली. खरंच का?

उत्तर : ताई, आधी पाइप काढून ठेवा. इंग्लिश पद्धतीच्या बॉटम ब्रॅकेटला चेनच्या बाजूला उलटे आटे असतात. तुम्ही नेहमीसारखं डावीकडे फिरवत असाल तर तो सुटत नाही, उलट आवळला जातोय. त्या बाजूने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. दुसरी बाजू नेहमीसारखी सुटेल. करण्याआधी कपवर, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या बाहेरच्या आटेवाल्या कडीवर, काय कोरलंय ते बघा. ‘१.३७ × २४’ असेल तर इंग्लिश, ‘३६ × २४’ असेल तर इटालियन, आणि इटालियनला दोन्ही बाजूंना सुलटे आटे. इतक्या जोराने आवळलं गेल्यावर लगेच सुटणार नाही. सीटपोस्ट काढून फ्रेम सरळ उभी ठेवा, सीटट्यूबमधून आत गंज सोडवणारं तेल घाला आणि रात्रभर राहू द्या. पाना कपवरून निसटू नये म्हणून तो बोल्ट-वॉशरने जागेवर धरून ठेवा. कारखान्यात निसटलेल्या पान्यामुळे फुटलेली बोटं मी पुष्कळ पाहिली आहेत.

नवा बसवताना आटे ब्रशने साफ करून भरपूर ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे हातानेच फिरवा. हाताने जात नसेल तर आटे तिरके बसलेत. तिथे पाना लावलात तर मात्र कारागिराचं म्हणणं खरं होईल. डाव्या पॅडललाही उलटे आटे असतात, तेही मुलीला दाखवून ठेवा. आई पाना धरते हे तिला दिसतंय, याचा मला फार आनंद झाला.

प्रश्न : आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. अशा वाऱ्यात मागे डिस्क (पूर्ण बंद चाक) आणि पुढे खोल (जास्त उंचीची) रिम चालेल का? डिस्क महाग असल्याने प्लॅस्टिकच्या शीटचं झाकण करायचा विचार आहे.

उत्तर : मागची डिस्क चालेल, पुढची खोल रिम नको. मागच्या चाकावर तुमचं वजन असतं आणि ते हँडलबरोबर वळत नाही. पुढच्या चाकावर आडवा झोत आला की हँडलच हातातून खेचलं जातं, आणि बारवर असताना तुमची बोटं ब्रेकपासून लांब असतात. पुढे साधी, कमी उंचीची रिम ठेवा. ट्रक बाजूने गेल्यावर वारा आधी अडतो आणि मग एकदम आदळतो, त्या वेळी हात ब्रेकवर असू द्या.

झाकण बनवण्याआधी चाकाचा आउट (डावी-उजवीकडचं डुलणं) काढून घ्या, नाहीतर शीट फ्रेमला घासेल. व्हॉल्व्हपाशी हवा भरण्याइतकी खिडकी ठेवा. सरावाला आणि हौशी स्पर्धेला ते उत्तम आहे, पण आयोजकांना आधी विचारा. यूसीआयच्या नियमांनी चालणाऱ्या शर्यतीत वारा कापण्यासाठी वरून चढवलेलं आवरण मान्य नसतं.

प्रश्न : अमळनेरहून विचारतो. शर्यतीच्या दिवशी टायरमध्ये हवा घरून भरून न्यावी की तिथे?

उत्तर : तिथे, सावलीत, सुरुवातीच्या थोडं आधी. पहाटे २५ अंशांना १०० पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांना सात-आठ पीएसआयने चढतो. लॅटेक्स ट्यूब असेल तर उलटं होतं, रात्रभरात हवा आपोआप उतरते. पंप आणि गेज स्वतःचंच न्या. दुसऱ्याचं गेज वेगळाच आकडा दाखवतं.