दोन ओळींना द्यायचा वेळ

प्रश्न : मोबाईलवर रोज अलक (अतिलघुकथा), चारोळ्या आणि हायकू (तीन ओळींच्या जपानी धर्तीच्या कविता) येतात. वाचताना बरे वाटते, पण दुसऱ्या दिवशी त्यांतले काहीच आठवत नाही. एवढ्याशा लेखनाचे रसग्रहण करता येते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निश्चित करता येते, आणि ती परंपरा तुमच्याच गोदावरीच्या काठाशी जोडलेली आहे. हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे ७०० सुट्या गाथा आहेत. प्रत्येक गाथा दोन ओळींची, मागेपुढे कोणत्याही कथानकाचा आधार नसलेली. त्यांतील एका गाथेत कोणी स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते की, महाराज, आता खुशाल हिंडा. गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहाने त्या कुत्र्याला आज मारून टाकले आहे. गाथा इथेच संपते.

घाईने वाचले तर ही एक दिलासा देणारी बातमी वाटते. मात्र जो माणूस कुत्र्याला भीत होता, त्याला सिंहाची वार्ता देऊन ‘खुशाल हिंडा’ म्हणण्यात कसला दिलासा आहे, हा प्रश्न मनात आला की गाथा उघडू लागते. ‘त्या कुत्र्याला’ म्हटल्यामुळे कुत्रा दोघांच्याही परिचयाचा होता, हे कळते. ‘राहणाऱ्या’ हा शब्द तर फारच नेमका आहे, कारण सिंह वाट चुकून आलेला नसून त्याचा मुक्काम तिथेच आहे, हे त्या गृहस्थाच्या मनात बिंबवायचे आहे. म्हणजे तोंडाने ‘या’ म्हणत ती त्याला ‘येऊ नका’ असे बजावते आहे, आणि सिंह तिने रचलेला असण्याचीच शक्यता अधिक. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ हा काव्यशास्त्रावरील ग्रंथ लिहिताना, शब्दांत अनुमती आणि ध्वनीत, म्हणजे सूचित अर्थात, मनाई याचे उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली.

तिला ती झाडी मोकळी का हवी होती, हे गाथेत कुठेही सांगितलेले नाही. तिथे ती प्रियकराला भेटत असावी, हा अर्थ टीकाकारांनी पुरवला, आणि तो पटतो, कारण इतक्या चतुर थापेला तितकाच निकडीचा हेतू लागतो. अल्पाक्षरी लेखनात वाचकाने मोकळी जागा अशीच भरायची असते : शब्दांत सापडलेल्या खुणेवरून, स्वतःच्या लहरीवरून नव्हे.

तुमच्या विसरण्याचे कारण मला अंशतः लेखनात आणि अंशतः वाचण्याच्या रीतीत दिसते. ज्या चारोळीत सगळे सांगून टाकलेले असते, तिच्यात मन रेंगाळण्यासारखे काही उरत नाही. पण चांगली रचनासुद्धा दहा संदेशांच्या रांगेत वाचली, तर तिच्या वाट्याला काही सेकंदच येतात. एका वेळी एकच रचना घ्यावी, मोठ्याने वाचावी, एखादा शब्द काढून किंवा बदलून पाहावा. शब्द काढूनही काही बिघडले नाही, तर तो तिथे उगाच आला होता असे खुशाल समजावे.

प्रश्न : आमच्या लेखन गटात सगळे सांगतात की अलकच्या शेवटी धक्का बसलाच पाहिजे. हे खरे आहे का? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : मला हे मान्य नाही. १९४८ साली सआदत हसन मंटो यांचा ‘स्याह हाशिये’ हा फाळणीच्या दंगलींवरील अतिलघुकथांचा उर्दू संग्रह आला. त्यातील एका कथेत पहाटे सहाला बर्फ विकणाऱ्या हातगाडीवाल्याला भोसकले जाते, सात वाजेपर्यंत प्रेत रस्त्यावर पडून असते आणि त्यावर वितळत्या बर्फाचे पाणी ठिबकत राहते. सव्वासातला पोलीस प्रेत उचलून नेतात. बर्फ आणि रक्त तिथेच राहते. मग एक टांगा जातो आणि त्यातले लहान मूल ते गोठलेले रक्त पाहून म्हणते, आई, बघ, जेली.

कथेचे नावच ‘जेली’ आहे. ज्या शब्दावर कथा संपते तो लेखकाने आधीच माथ्यावर लिहून ठेवला आहे, आणि रस्त्यावर काय पडले आहे हेही आपल्यापासून क्षणभर लपवलेले नाही. पंचनाम्यासारख्या कोरड्या नोंदी वाचत आपण पुढे जातो आणि शेवटी जे आपल्याला ठाऊक आहे ते त्या मुलाला ठाऊक नाही, एवढ्यानेच अंगावर काटा येतो. म्हणूनच ही कथा कितीदाही वाचली तरी तिची धार कमी होत नाही. याउलट, बोलणारा माणूस आधीच मेलेला होता किंवा वाट पाहणारी ‘ती’ म्हणजे मांजर होती, अशी कलाटणी एकदाच चालते. पुन्हा वाचताना हाती लागते ती फक्त लेखकाची लपवाछपवी. तुमच्या गटाने प्रत्येक अलक शेवट माहीत असताना परत वाचून पाहावी, अशी माझी मनापासून सूचना आहे.

प्रश्न : जपानी कवी बाशोच्या बेडकाच्या हायकूत एवढे काय आहे? मराठी हायकूच्या तीन ओळींत ५-७-५ अक्षरे पाळावीत का? (एक विद्यार्थी, पणजी)

उत्तर : जुने तळे, त्यात बेडकाची उडी आणि पाण्याचा आवाज, एवढाच १६८६ सालच्या त्या हायकूचा ऐवज आहे. जपानी काव्यात बेडूक पूर्वापार येत होता तो त्याच्या गाण्यासाठी. बाशोने त्याला गप्प ठेवले आणि पाण्याला बोलते केले. हे नावीन्य आपल्याला सहज दिसत नाही, कारण बेडकाच्या गाण्याची ती सवय आपल्या कानांना नाही. जुन्या तळ्यापाशी कवी मुद्दाम थांबतो, तो विराम पाळून वाचले की स्तब्धता आधी येते आणि आवाज मागून.

अक्षरांचा आग्रह मी धरणार नाही. जपानीत जे मोजतात ते आपल्या अक्षरापेक्षा मात्रेच्या जवळचे आहे. तिथे दीर्घ स्वर दोन धरला जातो. मराठीत हायकू रुजवणाऱ्या शिरीष पै यांच्या तीन ओळींतही अक्षरांची काटेकोर मोजणी नसते. तुमच्या हायकूत आधी एवढेच तपासा की दोन दृश्ये शेजारी ठेवली आहेत की तिसऱ्या ओळीत त्यांचा अर्थ सांगून टाकला आहे. सांगितला असेल, तर ती ओळ नव्याने लिहा.