म्वांझाच्या पत्त्यावर

सोलापूर

प्रिय लेकरा,
सलाम.

टांझानियातल्या म्वांझाहून तुझं पत्र पोचलं. तक्रारींनी भरलेलं आहे, आणि खरं सांगू, मला ते वाचून हायसं वाटलं. पहिल्याच महिन्यात ‘सगळं छान, प्रभूची कृपा’ एवढंच लिहून मोकळं होणाऱ्यांची मला जास्त धास्ती वाटते. तिकडे नर्स म्हणून काम करताना असे दोघे-तिघे आले नि गेलेले पाहिलेत मी.

तुझं मुख्य दुखणं हे, की कोणी काही काम देत नाही. तिथले पाळक म्हणतात आधी भाषा शीक. ज्या घरी राहतोस त्या बाई पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाहीत. आणि इकडे तुला पाठवणाऱ्या आपल्या मिशनच्या समितीला तिमाही अहवाल हवाय. मग ऐक. निदान सहा महिने तू तिथे पाहुणा आहेस, तेव्हा पाहुण्यासारखा राहा. बसवतील तिथे बस, वाढतील ते खा, न्यायला आले की निमूट जा. आपण काहीतरी द्यायला आलोय या तोऱ्यात आपण उतरतो, पण त्या लोकांना आधी बघायचं असतं की या पोराला आपल्या हातचं काही घेता येतं का. समितीचं माझ्यावर सोड. इंग्रज मिशनरी विल्यम केरी 1793 साली बंगालात उतरला आणि कृष्ण पालचा, म्हणजे त्याच्या कामातला पहिला, बाप्तिस्मा व्हायला 1800 चा डिसेंबर उजाडला. आकडे मागणाऱ्यांना मी हे ऐकवीन. तू मधे पडू नकोस.

आता उगाली. घशाखाली उतरत नाही म्हणतोस! कडक भाकरी दातांनी फोडून मोठा झालास, आणि मक्याच्या मऊ पिठाला घाबरतोस? तू ती काट्याचमच्याने खात असणार. उजव्या हाताने लहानसा गोळा तोड, बोटांतच वळ, अंगठ्याने मधे खळगा कर आणि त्या खळग्यात भाजी नाहीतर रस्सा उचल. म्चिचा म्हणून जी पालेभाजी देतात ती आपल्या राजगिऱ्याच्याच घराण्यातली. तिच्याबरोबर खाऊन बघ. जेवणाआधी घरातलं लहान पोर जग आणि पसरट भांडं घेऊन येईल, तुझ्या हातावर पाणी घालेल. तेव्हा ‘राहू दे, मी धुतो’ म्हणत नळाकडे पळू नकोस. हात पुढे कर आणि त्या पोराला ‘असांते’, म्हणजे धन्यवाद, म्हण. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण जेवण शाकाहारीच ठेवलं. त्यांना तो अधिकार होता. तू रविवारी उपासनेहून थेट मटणाच्या दुकानावर जाणारा, तुला ‘दगा’ नावाच्या तिथल्या बारीक सुक्या मासळीला नाक मुरडायचा काही अधिकार नाही.

वाटेत वयस्क माणूस दिसला की ‘शिकामू’ असा नमस्कार केल्याशिवाय पुढे सरकू नकोस. ते ‘मराहाबा’ म्हणतील, मग घरची, झोपेची, कामाची खुशाली विचारतील. पाच मिनिटं जातात, जाऊ देत. कोणाच्या दारात गेलास तर ‘होडी’ अशी हाक दे आणि ‘करिबू’, म्हणजे या, ऐकू येईपर्यंत बाहेरच उभा राहा. वेळ ठरवताना मात्र जपून. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. ‘सा ताटू’ म्हणजे अक्षरशः तीन, पण माणूस सकाळच्या नऊबद्दल बोलत असतो. घड्याळावर बोट ठेवून खात्री करून घे.

लोक तुला ‘म्हिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणतात आणि दुकान कुठेय विचारतात, याचा तुला राग आलाय. यावर जरा थांबून बोलते, कारण हे तुला तिथल्या कोणत्याच प्रशिक्षणात सांगणार नाहीत. गोऱ्या मिशनऱ्याची त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. भारतीय माणूस म्हटला की त्यांना आठवतो तो गल्ल्यापलीकडचा शेठ. बरेचसे गुजराती, तिथेच जन्मलेले, पण राहणं वेगळं, लग्नं वेगळी, जेवण वेगळं. 1971 मध्ये भाड्याने दिलेल्या इमारती तिथल्या सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांचे मालक बहुतेक आशियाई होते, आणि पुष्कळ कुटुंबांनी मग देशच सोडला. दोन्ही बाजूंना त्याची आठवण आहे. तू ‘मी तसा नाही’ म्हणून वाद घालत बसू नकोस. त्यांच्या बाकावर त्यांच्याशेजारी बस, तीन तासांच्या उपासनेत मधेच उठून जाऊ नकोस, हळूहळू त्यांचं तेच ठरवतील. त्या दुकानदार घरांशीही तोडून वागू नकोस. दिवाळीला तेच तुला जेवायला बोलावतील. फक्त प्रत्येक रविवारची दुपार तिकडे घालवू नकोस.

भाषेची भीती तर मला समजतच नाही. तू आपल्या पूर्व भागात वाढलास. पद्मशाली शेजाऱ्यांच्या अंगणात खेळता खेळता तेलुगू शिकलास, शाळेत मराठी, दोस्तांत हिंदी, आजोळी कानडी. व्याकरणाचं पुस्तक कोणी दिलं होतं? पोरांत खेळ, बाजारात टोमॅटो घे, हसतील तर हसू दे. भय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर आठव. 1938 मध्ये आणखी चार डॉक्टरांबरोबर ते चीनला गेले, भाषा शिकले आणि पुढे तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले. बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. ते धर्मकार्याला गेले नव्हते, जखमी सैनिकांसाठी गेले होते, हे मला माहीत आहे. आपल्या मंडळीतल्या एका वडिलांना हे उदाहरण रुचत नाही. मला रुचतं.

आता रागावते. अनवाणी पोरांचा तो फोटो, खाली ‘किती गरिबी, प्रार्थना करा’, मंडळीच्या ग्रुपवरून आजच काढ. त्या पोरांच्या आयांना विचारलं होतंस? उद्या कोणी परदेशी पाहुणा तुमच्या गल्लीत येऊन तुझ्या भाच्याचा शेंबडा फोटो आपल्या गावी पाठवू लागला, तर तुझी बहीण त्याला चहा पाजेल का?

तब्येतीचं थोडक्यात. मच्छरदाणी रोज, उकाडा असला तरी. मे महिन्यातल्या सोलापुरात झोपलेला माणूस आहेस तू, उकाड्याचं मला सांगू नकोस. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घे, घरून नेलेली गोळी खाऊन दोन दिवस पडून राहू नकोस. व्हिक्टोरिया सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी त्यात पाय सोडून बसू नकोस, पोहू तर नकोसच. तिथल्या गोगलगायींपासून बिल्हार्झिया नावाचा जंतांचा रोग होतो, पाण्यातून तो कातडीतून आत शिरतो आणि कळतो फार उशिरा.

आईला रोज रात्री व्हिडिओ कॉल करतोस असं ती कौतुकाने सांगत होती. आठवड्यातून दोनदा कर. तुझे रात्रीचे नऊ म्हणजे तिचे साडेअकरा. ती झोप मोडून जागी राहते आणि तू त्या वेळी घरच्यांबरोबर अंगणात बसायचं सोडून खोलीत कोंडून घेतोस. तिची समजूत मी घालते.

पुढच्या महिन्यात ओळखीचं एक कुटुंब दार-ए-सलामला चाललंय. त्यांच्याबरोबर शेंगाचटणी आणि एक चादर पाठवते. चादर तुझ्यासाठी नाही, त्या घरच्या बाईंसाठी आहे. चटणीतली निम्मी त्यांच्याच ताटात वाढ आणि तिखट लागली का ते कळव.

तुझी,
सिस्टरबाई