मशीन मारलेल्या घोडीला थंडीत कसं जपायचं?

प्रश्न (शहादा तालुक्यातील एका शेतकरी बंधूंचा): सारंगखेड्याच्या यात्रेला नेण्याआधी घोडी चमकावी म्हणून अंगभर केस कापायचं मशीन मारलं. सौदा जमला नाही, घोडी परत घरी आणली. आता पहाटे कुडकुडते. गोठ्यात शेकोटी पेटवू का? हरभरा वाढवू का? कोणी म्हणतं थोडी दारू पाजा.

उत्तर: भाऊ, दारू अजिबात पाजू नका. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि अंगातली ऊब उलट बाहेर निघून जाते. गोठ्यात शेकोटीही नको. कडबा पेटायची भीती तर आहेच, पण धुराने घोडीच्या फुफ्फुसांचं नुकसान होतं.

घोडीला थंडी का वाजते ते आधी बघा. घोड्याचे हिवाळी केस थंडीत ताठ उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर धरला जातो. तीच त्याची रजई. मशीनने ती उतरवली. केस आखूड असलेल्या घोड्याला साधारण ५ अंशांपर्यंत स्वतःची ऊब राखता येते, पण अंग भिजलेलं असेल तर १५ अंशांनाही हुडहुडी भरते. तापीकाठचं पहाटेचं दव आणि वारा यात धरा. शिवाय हिवाळी केस वाढतात ते दिवस लहान होत जातो तेव्हा. दत्तजयंती उलटून डिसेंबर संपत आला की दिवस पुन्हा मोठा होऊ लागतो, मग त्या केसांची वाढ मंदावते. म्हणजे या हिवाळ्यात जुनी रजई परत येणार नाही, ती तुम्हालाच द्यावी लागेल.

झूल हवी, आणि ती कोरडी हवी. विकतची नसेल तर धनगरी घोंगडी उत्तम. लोकर जरा दमट झाली तरी ऊब धरते. घोंगडीवर गोणपाट शिवून छातीशी एक आणि पोटाखालून दोन पट्टे घाला. वरून प्लास्टिक टाकू नका, आतल्या आत घाम धरतो आणि पहाटेपर्यंत घोडी ओली होते. रपेट मारून आणलेल्या घामेजलेल्या अंगावर लगेच झूल घालायची नाही. आधी वाळल्या गवताच्या बोळ्याने अंग चोळून कोरडं करा, घोडी थोडी फिरवा, मग घाला. रोज सकाळी झूल काढून खरारा करा. मान आणि पाठ जुळते त्या उंचवट्यावर, छातीवर आणि खांद्यावर कातडी घासली आहे का ते हाताने चाचपून बघा. मशीन मारलेल्या अंगाला झूल लवकर काचते.

ऊब पुरते का हे कानाला हात लावून कळत नाही, कान थंडच असतात. रात्री झोपण्यापूर्वी खांद्यामागे झुलीखाली तळहात सरकवा. तिथे कोरडी ऊब लागली तर ठीक. गार लागलं तर आणखी एक थर चढवा, दमट लागलं तर एक उतरवा. दुपारी ऊन तापलं की झूल काढून घोडीला उन्हात बांधा, एवढं विसरू नका.

आता चाऱ्याचं. माझ्या मते झुलीइतकंच मोल चाऱ्याला आहे. वाळलं गवत किंवा कडब्याची कुट्टी घोडीच्या मोठ्या आतड्यात आंबते आणि त्यातून तासन् तास उष्णता निघत राहते. घोड्याची शेगडी पोटातच आहे. ३०० किलोच्या घोडीला दिवसाला ६ किलो तरी कोरडा चारा द्या, थंडीची लाट असेल तर अजून थोडा, आणि त्यातला मोठा वाटा रात्री टाका. हरभरा एकदम वाढवू नका. पोटशूळ उठतो, खुरांना सूज येऊन घोडी लंगडते. वाढवायचाच तर आठवडाभर घेत, मूठ-मूठ करून.

पाणीही बघा. हौदातलं गार पाणी घोडी पुरेसं पीत नाही. मग कोरडा चारा आतड्यात अडकतो आणि पोटशूळ होतो. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी पाजा, रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ द्या आणि बादल्या मोजत चला. दिवसाला २० लिटरच्या खाली गेली तर लक्ष द्या.

तबेला चारही बाजूंनी ताडपत्रीने बंद करू नका. वाऱ्याची बाजू आडवा, वरची फट मोकळी राहू द्या. मुताचा उग्र वास तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल तर तो घोडीला त्याहून जास्त बाधतो. खाली भाताचं तणस किंवा उसाचं पाचट जाड अंथरा, ओलं झालेलं रोज काढा.

पहाटे थोडा वेळ अंग थरथरणं चालतं. पण झूल घालूनही थरकाप थांबत नसेल, चारा सोडला असेल किंवा ताप ३८.५ अंशांवर गेला असेल तर १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा. यात्रेत सगळीकडची जनावरं एकत्र येतात. म्हणून नाकातून घट्ट शेंबूड दिसला तर घोडी इतर जनावरांपासून वेगळी बांधा, तिची बादली आणि तोबराही वेगळा ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या वर्षी अंगभर मशीन मारू नका. मानेची खालची बाजू, छाती आणि पोट एवढंच कापलं तरी घाम लवकर वाळतो आणि घोडी उठून दिसते. पाठीवरचे, पायांवरचे आणि कानाच्या आतले केस तसेच राहू द्या.