घटना ‘मंजूर’ झाली की तिचे ‘अनुसमर्थन’ झाले?

अमेरिकेच्या घटनेवरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या वाचकाने विचारले आहे: ‘रॅटिफिकेशन’साठी, म्हणजे तयार मसुद्याला राज्यांनी नंतर दिलेल्या संमतीसाठी, मंजुरी, अनुमोदन, शिक्कामोर्तब आणि अनुसमर्थन असे चार शब्द सापडले, यांतला कोणता घ्यावा?

‘अनुमोदन’ आधी बाद करू. हिंदीत ते संमतीसाठी चालते, तिथूनच अनुवादांत शिरते. आपल्या सभांमध्ये सूचक ठराव मांडतो, अनुमोदक त्याला दुजोरा देतो आणि मतदान नंतर होते. ‘व्हर्जिनियाने घटनेला अनुमोदन दिले’ म्हटले की व्हर्जिनिया नुसती हात वर करून बसली, असे वाटते.

‘शिक्कामोर्तब’ वर्तमानपत्रांचा लाडका. पण जुन्या कागदांत मजकूर संपला की मोर्तब होई. ठरायचे ते आधीच ठरलेले असे. अमेरिकेत काहीच ठरलेले नव्हते. १७ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात ३९ प्रतिनिधींनी सह्या केल्या, त्या निव्वळ मसुद्यावर. तेरापैकी नऊ राज्ये हो म्हणाली तरच, आणि तेवढ्यांपुरतीच, घटना लागू होणार होती. डेलावेअरने एकमताने होकार दिला खरा. पण मॅसॅच्युसेट्समध्ये मते पडली १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९. याला शिक्कामोर्तब कोण म्हणेल?

राहिली ‘मंजुरी’. ती वरचा खालच्याला देतो: रजा मंजूर, कर्ज मंजूर, बांधकामाचा नकाशा मंजूर. आणि बहुतेक वेळा ‘अटी व शर्तींच्या अधीन राहून’. न्यूयॉर्कमधले भांडण नेमके याच शेपटावरून पेटले. १७८८च्या उन्हाळ्यात त्या राज्यातल्या पकिप्सी गावी घटनेवर मत द्यायला परिषद भरली तेव्हा घटनेचे विरोधक स्पष्ट बहुमतात होते. आम्ही सुचवलेल्या दुरुस्त्या झाल्या नाहीत तर बाहेर पडू, असा हक्क राखून सामील होता येईल का, असे घटनेचा तिथला पाठीराखा हॅमिल्टन याने मसुद्याचा एक प्रमुख शिल्पकार मॅडिसन याला पत्राने विचारले. उत्तर आले की घटना स्वीकारायची तर सबंध आणि कायमची. असा हक्क राखणे ही अटच झाली. शेवटी ठरावातले ‘या अटीवर’ काढून ‘या पूर्ण विश्वासाने’ असे शब्द घातले, तेव्हा कुठे २६ जुलैला ३० विरुद्ध २७ मतांनी ठराव निभावला. दोन-तीन शब्दांवर राज्य आत की बाहेर ठरले! ‘सशर्त मंजुरी’ आपल्या कचेऱ्यांत रोज दिली जाते. इथे मॅडिसनच्या लेखी तसा प्रकारच नव्हता.

म्हणून ‘अनुसमर्थन’. शब्द जड आहे, बोलताना जिभेला अडखळतो, पण दुसऱ्याने केलेल्या मसुद्यावर किंवा करारावर नंतर दिलेली बंधनकारक संमती, हा अर्थ त्यात नेमका बसतो. आपल्या घटनेच्या अनुच्छेद ३६८ मध्ये काही दुरुस्त्यांना निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते, तिथलीही कल्पना हीच. मात्र नाम म्हणूनच वापरा. ‘अनुसमर्थित केली’ लिहिण्यापेक्षा सरळ ‘मान्य केली’ किंवा ‘फेटाळली’ लिहावे, वाचणारा दुवा देईल.

भारताच्या घटनेबद्दल मात्र हा शब्द नको. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेनेच ती ‘अंगीकृत आणि अधिनियमित’ केली. मसुदा प्रांतांच्या मतदानाला गेला नाही.

आणखी एक. ‘राज्यांच्या विधिमंडळांनी मान्य केली’ असे अनुवादात हमखास येते, ते चूक आहे. अमेरिकेत विधिमंडळे मुद्दाम टाळून खास परिषदा निवडल्या होत्या, कारण घटनेला सत्ता लोकांकडून मिळायला हवी होती आणि विधिमंडळे आपले अधिकार सहजी सोडणार नव्हती. ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने तर अशी परिषद बोलवायलाच कितीतरी महिने नकार दिला. वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटले, त्या राज्याशी व्यापार तोडण्याचे विधेयक सिनेटने संमत केले, तेव्हा २९ मे १७९० रोजी तिथे ३४ विरुद्ध ३२ मते पडली. ऱ्होड आयलंडबद्दलच्या वाक्यात ‘मान्य केली’च्या आधी ‘अखेर’ घालायला हरकत नाही.